पाठीमागचा दिवा

दिवाळी सरली, की अहिल्यानगर जिल्ह्याच्या पूर्वेकडील रस्त्यांची रात्र पालटते. एरवी मध्यरात्रीच्या सुमारास त्या रस्त्यांवर एखाददुसरी मालमोटार आणि पिकाला पाणी देण्यासाठी कंबरेला विजेरी खोचून निघालेला शेतकरी, एवढीच काय ती वर्दळ असते. आता मात्र तेथे उसाची वाहतूक सुरू होते. पाथर्डी तालुक्यातील तिसगाव हे अशाच एका रस्त्यावरचे बाजाराचे गाव होय. कल्याणहून निघून माळशेज घाटाने वर येणारा, अहिल्यानगर शहर ओलांडून करंजीचा घाट उतरणारा आणि पुढे पाथर्डीवरून परभणी-नांदेडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग तिसगावावरून जातो. त्याच तालुक्यात आदिनाथनगर येथे वृद्धेश्वर सहकारी साखर कारखाना आहे. शेजारच्या नेवासे तालुक्यात भेंडे येथे ज्ञानेश्वर कारखाना आहे. गळिताच्या हंगामात या भागात रात्री उभे राहिले, तर अंधारातून प्रथम बैलांच्या गळ्यातील घुंगरमाळांचा आवाज येतो, मग वंगण आटलेल्या चाकाची कुरकुर ऐकू येते आणि सर्वांत शेवटी, अगदी जवळ आल्यावर, उसाने शिगोशीग भरलेली गाडी दिसते.

अगदी जवळ आल्यावर दिसते! रात्रीच्या रस्त्यावरील कितीतरी दुःखांचे मूळ या चार शब्दांत आहे.

पण ही वाहतूक रात्री का करावी लागते? दिवस काय थोडे आहेत? या प्रश्नाचे उत्तर उसाच्या पेरात दडलेले आहे. ऊस जोवर जमिनीत उभा आहे, तोवर त्यातील साखर सुरक्षित असते. कोयत्याचा घाव बसून तो आडवा झाला, की त्याचे पाणी आटू लागते आणि त्यातील साखरेचे रूपांतर अशा निराळ्या साखरांत होऊ लागते, की ज्यांचे दाणे बांधले जात नाहीत. तोडलेला ऊस जितका लवकर चरकात जाईल तितका उतारा चांगला; चोवीस तासांच्या आत तो कारखान्यावर पोहोचावा, अशी धडपड असते. शिवाय कारखान्याची भट्टी एकदा पेटली, की हंगाम संपेपर्यंत ती सहसा विझवीत नाहीत. विठ्ठलराव विखे पाटील आणि डॉ. धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून याच जिल्ह्यात प्रवरेच्या काठी उभ्या राहिलेल्या सहकारी कारखान्याने १९५०-५१ च्या हंगामात पहिले गाळप केले. तेव्हापासून आजतागायत या जिल्ह्यातील कारखान्यांचे भोंगे तिन्ही पाळ्यांना वाजत आले आहेत. यंत्राला रात्र नसते. म्हणून त्याला ऊस पुरविणाऱ्या माणसालाही ती उरत नाही.

ही माणसे कोण? पाथर्डी, शेवगाव आणि पलीकडील बीड जिल्हा हा कमी पावसाचा प्रदेश आहे. खरिपाची बाजरी घरात आली, की येथील हजारो कुटुंबे ऊसतोडणीसाठी बाहेर पडतात. नवरा-बायकोच्या जोडीला या धंद्यात 'कोयता' असेच म्हणतात. जणू दोन माणसे मिळून एक हत्यार! पहाटे तीन-चारला उठायचे, फडात शिरायचे, ऊस तोडायचा, वाढे सोलायचे, मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावरून गाडीपर्यंत वाहायच्या आणि गाडी भरून झाली, की कारखान्याची वाट धरायची. गाडी काट्यावर चढून, वजन होऊन, गव्हाणीपाशी रिकामी होईपर्यंत पुन्हा रात्र झालेली असते. परतीच्या वाटेवर गाडीवानाच्या डोळ्यांत झोप उतरते. बैलांना वाट ठाऊक असते, म्हणून तो निर्धास्तपणे कासरा सैल सोडतो. रिकाम्या साटीत पोत्यावर त्याची मुलेही निजलेली असतात. ही गाडी सुखरूप राहणे म्हणजे एका अख्ख्या घराचे सुखरूप राहणे होय.

अंधारात दोन गोष्टी साधाव्या लागतात. पहिली म्हणजे आपल्याला वाट दिसणे. दुसरी म्हणजे आपण इतरांना दिसणे. पहिलीची काळजी प्रत्येकजण आपणहून घेतो, कारण तिच्यावाचून पाऊलच पुढे पडत नाही. दुसरीचे तसे नाही. आपण दिसत नाही, हे आपल्याला दिसत नाही! ट्रॅक्टरचा समोरचा दिवा बिघडला, तर चालक तेथेच थांबून तो दुरुस्त करून घेतो. मागचा दिवा गेला, तर महिनाभर त्याला त्याचा पत्ताही नसतो.

निसर्गाने बैलाच्या बाबतीत मोठी मौज केली आहे. मांजराच्या डोळ्यांप्रमाणेच बैलाच्या डोळ्यांतही पडद्याच्या मागे एक चकाकणारा थर असतो. डोळ्यांत शिरलेला मंद प्रकाश त्या थरावर आपटून पुन्हा पडद्यातून जातो. त्यामुळे त्या प्राण्यांना अंधूक उजेडातही आपल्यापेक्षा अधिक दिसते. मोटारीचा झोत समोरून आला, की हेच डोळे हिरवट-निळसर तेजाने चमकतात आणि मोटार चालविणारा दुरूनच सावध होतो. म्हणजे बैलगाडीला समोरून चार डोळे असतात. परंतु तिच्या पाठीला डोळे नाहीत. आणि वेगवान वाहनाची गाठ पडते ती बहुधा पाठीशीच.

जुन्या काळी गाडीवानांनी ही उणीव आपल्या परीने भरून काढली होती. गाडीच्या आसाखाली, दोन चाकांच्या मध्ये, रॉकेलचा कंदील टांगलेला असे. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडी येथील काच कारखान्याचा 'प्रभाकर' कंदील एके काळी महाराष्ट्रातील घराघरांत होता. अशा कंदिलाचा उजेड तो किती? फार तर काही मेणबत्त्यांइतका. गाडी हिंदकळली, की तो झुले आणि त्याबरोबर चाकांच्या लांबलचक सावल्या रस्त्याच्या कडेने नाचू लागत. लहान मुलांना त्या सावल्यांची भीती वाटे. पण मागून येणाऱ्याला हलणारा दिवा स्थिर दिव्यापेक्षा लवकर ध्यानात येतो, हे गाडीवानांना कोणत्याही पुस्तकावाचून ठाऊक होते. त्या काळी रस्ते अरुंद आणि खडीचे होते, मोटारी थोड्या होत्या आणि त्यांचा वेगही बेताचा होता. तेवढ्यापुरता तो कंदील पुरेसा होता.

पुढे रस्ता बदलला, मोटार बदलली. बैलाची चाल मात्र तीच राहिली. तासाला फार तर चार किलोमीटर!

येथे थोडे गणित करून पाहू या. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपू नयेत म्हणून दिव्यांचा झोत खाली टाकलेला असला, तर चालकाला साधारणतः ४० ते ५० मीटरपर्यंतचाच रस्ता नीट दिसतो. पुढे काही आहे हे डोळ्यांना कळून पाय गतिरोधकावर पडेपर्यंत एक सेकंद तरी जातोच. म्हणजे १७ मीटर गेले. त्यानंतर चाके थांबेपर्यंत, रस्ता कोरडा असला तरी, आणखी वीस-पंचवीस मीटर लागतात. बेरीज चाळिसाच्या आसपास जाते. म्हणजे दिसण्याचे अंतर आणि थांबण्याचे अंतर यांत जेमतेम हातभराचा फरक! आता तीच मोटार ताशी ८० च्या वेगाने धावू लागली असे समजू. वेग सव्वापटीहून थोडा अधिक वाढला; परंतु थांबण्यास लागणारे अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्यामुळे ते जवळजवळ पावणेदोन पट होते. पहिल्या सेकंदातील धाव त्यात मिळविली, की एकूण अंतर ६० मीटरांच्या पुढे जाते. दिसते ४५ मीटरवर आणि थांबायला हवेत ६०. अशा वेळी चालक कितीही कुशल असो, त्याचे कौशल्य पंधरा मीटरांनी तोकडे पडते.

याउलट, पुढे उभी असलेली गाडी १५० मीटरांवरून कळली तर? ६० च्या वेगाने येणाऱ्याला नऊ सेकंद मिळतात. नऊ सेकंद ऐकायला थोडे वाटतात. डोळे मिटून मनात नऊपर्यंत सावकाश मोजून पाहावे, म्हणजे तेवढ्या वेळात किती गोष्टी करता येतात ते समजते.

बैलगाडीपाठोपाठ ट्रॅक्टर आला आणि त्याच्यामागे उसाने भरलेल्या एक सोडून दोन-दोन ट्रॉल्या धावू लागल्या. ट्रॅक्टरवर १२ व्होल्टची बॅटरी असते, पुढे-मागे दिवे असतात. पण ट्रॉली हे परक्याच्या बळावर चालणारे वाहन आहे. तिला स्वतःचे इंजिन नाही आणि वीजही नाही. ती ट्रॅक्टरला जोडली, की त्याचे मागचे दिवे तिच्या आड झाकले जातात. तेव्हा ट्रॅक्टरने आपली थोडी वीज तारेच्या वाटे मागे पाठवावी आणि ट्रॉलीच्या पाठीवर दिवे लावावेत, हाच त्यावरचा उपाय. १९८८ चा मोटार वाहन कायदा आणि १९८९ चे केंद्रीय नियम यांनीही रात्री वाहनाच्या मागे तांबडा दिवा लागलेला असला पाहिजे, असे बंधन घातलेले आहे. उपाय सोपा दिसतो. प्रत्यक्षात तो करावयास घेतला, म्हणजे त्यातील खाचाखोचा कळतात. आणि त्या कायद्याच्या पुस्तकातून नव्हे, तर मिस्त्रीच्या तोंडून कळतात.

तिसगावसारख्या बाजाराच्या गावी फाट्यावर वेल्डिंगची आणि बॅटरीची दुकाने असतात. हंगामाच्या तोंडावर तेथे ट्रॉल्यांची रीघ लागते. कोणाचा फाळका वाकलेला असतो, कोणाची पिन झिजलेली असते. अशा दुकानात पुढीलसारखे बोलणे हमखास कानी पडते.

"मिस्त्री, मागं एक लाल दिवा टाकून द्या. उजव्या अंगाला. बास झालं."

"एक कशाला? दोन टाकू."

"खर्च कशाला वाढवता? दिवा असला म्हणजे झालं."

"आरं बाळा, एकच दिवा लावलास, तर मागच्या गड्याला तू फटफटी दिसशील. तो म्हणेल, जाऊ या बाजूनं. आणि शिरेल की सरळ तुझ्या उसात!"

मिस्त्रीचे हे म्हणणे अक्षरशः खरे आहे. अंधारात ट्रॉलीचा आकार दिसत नाही. दिसतात ते केवळ दिवे. एका दिव्यावरून वाहन किती रुंद आहे हे समजत नाही. दोन्ही कडांना दोन दिवे असले, की मागून येणाऱ्याला रुंदीही समजते आणि त्या दोन ठिपक्यांमधील अंतर जसजसे वाढत जाते, तसतसे आपण किती झपाट्याने जवळ जात आहोत याचाही अंदाज येतो. म्हणून दिवे मध्यभागी न लावता अगदी कडेला लावावयाचे असतात. त्यांचा रंगही मनास येईल तसा ठेवून चालत नाही. पुढे पांढरा आणि मागे तांबडा, हा संकेत आता जगभर रूढ झालेला आहे. दुरून तांबडा ठिपका दिसला, की वाहन आपल्याच दिशेने चालले आहे, असे चालक एका क्षणात ओळखतो.

दिवा कोठे बसवावा, हा पुढचा प्रश्न. तो फाळक्याच्या खाली बसविण्याची रीत आहे. परंतु उसाची ट्रॉली काही विटांच्या ट्रॉलीसारखी आटोपशीर नसते. ऊस मागे दोन-दोन हात बाहेर आलेला असतो आणि त्याची पाचट खाली लोंबत असते. रिकाम्या ट्रॉलीवर लखलखणारा दिवा भरलेल्या ट्रॉलीवर पाचटाच्या झिरमिळ्यांआड लुप्त होतो. दिवा आहे, तो पेटलेलाही आहे आणि तरी तो कोणास दिसत नाही! ज्यांनी यावर विचार केला, ते दिवे लोखंडी पट्टीवर घेऊन ट्रॉलीच्या कडांबाहेर, लोंबत्या पाल्याला टाळून बसवितात. शिवाय भरणी झाल्यावर मागून फिरून कोयत्याने लोंबणारी पाचट छाटून टाकतात. हे काम पाच मिनिटांचे आहे.

तारेची कथा याहून मोठी आहे. ट्रॉलीतील दिवे मध्येच लुकलुकतात, मंद होतात, खड्डा आला की विझतात आणि दुसऱ्या खड्ड्यात पुन्हा लागतात. चालक दिव्याला दोष देतो, नवा दिवा आणतो. तोही तसाच वागतो. खोड असते निराळ्याच ठिकाणी. वीज बॅटरीपासून दिव्यापर्यंत गेली, की तिला परत येण्यासाठीही वाट लागते. तार वाचविण्यासाठी पुष्कळदा एकच तार मागे नेतात आणि परतीचे काम ट्रॉलीच्या लोखंडी सांगाड्यावर सोपवितात. सांगाड्यातून वीज परत येते खरी. पण ट्रॅक्टरमध्ये शिरताना तिला हुकातील पिनेवरून यावे लागते. त्या पिनेवर गंज, माती आणि वंगण यांची पुटे चढलेली असतात. ट्रॉलीने हिसका दिला, की पिन हुकाला टेकते आणि दिवा लागतो. ओढ सैल झाली, की तो जातो. यासाठी जाणते मिस्त्री परतीची तारही स्वतंत्रच टाकतात. ती दोन ट्रॉल्यांच्या शेवटापर्यंत न्यावयाची, तर चांगली जाड घ्यावी लागते. कारण बारीक आणि लांब तारेत विजेचा जोर वाटेतच ओसरतो आणि शेवटचा दिवा काजव्यासारखा मिणमिणतो. ट्रॉल्यांच्या मध्ये तार इतकी सैल हवी, की वळणावर ती ताणून तुटू नये. आणि इतकी आवरलेली हवी, की ती जमिनीवर घासू नये. एवढे केल्यावरही उंदीर आहेतच!

दिव्यांतही आता फरक पडला आहे. जुन्या बल्बमध्ये केसाइतकी बारीक तार तापून उजेड देई. ट्रॉलीला बहुधा झेल घेणाऱ्या चांगल्या कमानी नसतात; शेतातल्या ढेकळांवरून उसळत गेली, की ती तार तुटे. अलीकडील एलईडी दिव्यात अशी तार नसते, त्यामुळे तो हादरे सोसतो आणि वीजही थोडी खातो.

एवढे सारे ट्रॅक्टरचे झाले. बैलगाडीला बॅटरी कोठून आणावयाची? तेथे एक निराळीच वस्तू उपयोगी पडते. तिला वीज लागत नाही, तेल लागत नाही, काडी लागत नाही. ती म्हणजे परावर्तक; गाडीवानापासून अधिकाऱ्यापर्यंत सर्वजण तिला रिफ्लेक्टर म्हणतात. सायकलच्या मागच्या चाकावर तांबडी चकती असते, ती पुष्कळांनी पाहिली असेल. ती दिवसा नुसती प्लॅस्टिकची वाटते. रात्री तिच्यावर मोटारीचा उजेड पडला, की निखाऱ्यासारखी फुलते.

हे कसे घडते? साध्या आरशावर तिरपा उजेड पाडला, तर तो दुसऱ्याच बाजूला निघून जातो. ज्याने उजेड टाकला त्याच्याकडे तो परत येत नाही. परंतु खोलीच्या कोपऱ्यात, जेथे दोन भिंती आणि जमीन एकत्र येतात तेथे, रबरी चेंडू जोराने फेकून पाहावा. तो तिन्ही पृष्ठांवर आपटून बहुतेक फेकणाऱ्याच्याच दिशेने माघारी येतो. परावर्तकाच्या चकतीत मागील बाजूस असेच शेकडो इवले इवले कोपरे कोरलेले असतात. प्रकाश कोणत्याही बाजूने येवो, तो तीन ठेचा खाऊन आल्या वाटेने परततो. मोटारीचे दिवे आणि तिच्या चालकाचे डोळे एकमेकांच्या जवळच असल्यामुळे तो परतलेला प्रकाश नेमका चालकाच्या डोळ्यांत शिरतो. त्याच्याच दिव्याचा उजेड त्याला सांगतो, 'पुढे गाडी आहे!' चिकटपट्टीच्या स्वरूपात जे परावर्तक मिळतात, त्यांतील काहींत कोपऱ्यांऐवजी काचेचे अतिसूक्ष्म मणी असतात. कार्य मात्र तेच.

या वस्तूच्या इतिहासातही मांजर आहेच. इंग्लंडमध्ये यॉर्कशायर परगण्यात पर्सी शॉ नावाचा एक रस्ते दुरुस्त करणारा गृहस्थ राहत असे. धुके आणि अंधार यांत रस्त्याची मधली रेषा चालकाला दिसावी, यासाठी त्याने रस्त्यात पुरावयाचे काचेचे डोळे तयार केले आणि १९३४ साली त्यांचे एकस्व घेतले. त्यांना त्याने 'मांजराचे डोळे' असेच नाव दिले. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने इंग्लंडातील रस्त्यांवरचे दिवे मालवावे लागले, तेव्हा या डोळ्यांचे महत्त्व सर्वांना पटले. अमेरिकेतील शेतकऱ्यांपुढेही पुढे आपल्यासारखाच प्रश्न उभा राहिला. ट्रॅक्टर आणि त्यामागची अवजारे हमरस्त्यावरून संथ चालत आणि मागून येणाऱ्या मोटारींना त्यांच्या संथपणाची कल्पना येत नसे. कारण तांबडा दिवा 'पुढे वाहन आहे' एवढेच सांगतो, ते सावकाश चालले आहे हे सांगत नाही. १९६० नंतरच्या काही वर्षांत ओहायो राज्याच्या विद्यापीठात यासाठी नारिंगी रंगाचा, तांबड्या चकाकत्या किनारीचा एक त्रिकोण तयार करण्यात आला. हा त्रिकोण म्हणजे 'मी हळू चाललो आहे' असे सांगणारी पाटीच होय.

आपल्याकडे गळीत हंगाम सुरू झाला, की कारखाने, परिवहन खाते आणि पोलीस यांच्या वतीने उसाच्या गाड्यांना परावर्तक लावण्याचे कार्यक्रम ठिकठिकाणी होतात. भाषणे होतात, छायाचित्रे निघतात. ते योग्यच आहे. परंतु पट्टी लावली त्या दिवशी जितकी चकाकते, तितकी महिन्याने चकाकत नाही. शेतातील चिखल, रस्त्यावरील धूळ आणि उसाचा चिकट रस यांचा थर तिच्यावर बसतो. मळलेला परावर्तक हा मिटलेल्या डोळ्यासारखा असतो. शिवाय त्याला उपजत अशा काही मर्यादाही आहेत. त्याच्यावर उजेड पडला, तरच तो उत्तर देतो. वळणावर मोटारीचा झोत सरळ निघून जातो आणि गाडी अंधारातच राहते. म्हणून करंजीच्या घाटासारख्या नागमोडी रस्त्यावर परावर्तकाच्या जोडीला पेटता दिवा हवाच. बैलगाडीसाठी आता लहान बॅटरीवर चालणारे तांबडे लुकलुकते दिवे मिळतात. ते कंदिलाच्या जागी टांगता येतात; आणि कंदिलाप्रमाणेच तेही स्थिर नसतात, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

ट्रॉलीप्रमाणेच ट्रॅक्टरमागे ओढून नेले जाणारे दुसरे एक अवजार म्हणजे मळणी यंत्र. त्याची गोष्ट किंचित वेगळी आहे, कारण त्याला दोन प्रकारचे दिवे लागतात. मार्चमध्ये गहू-हरभऱ्याची सुगी ऐन भरात असते आणि आभाळ भरून येते. अवकाळी पावसाच्या आधी मळणी उरकावी, म्हणून एका शेतातून दुसऱ्या शेतात रात्रभर यंत्र फिरत राहते. त्यावर काम करण्यासाठी पांढरा दिवा हवा. तो पाठीमागून लावला, तर पेंढी आत सारणाऱ्याची सावली त्याच्याच हातांवर आणि यंत्राच्या तोंडावर पडते. आणि ज्या ठिकाणी बोटे जाण्याचे भय, नेमके तेच ठिकाण काळोखात जाते. दिवा उंच काठीवर, खांद्याच्या वरून, दोन्ही बाजूंनी उजेड पडेल असा बांधला, म्हणजे यंत्राचे तोंड स्वच्छ दिसते. मात्र काम संपवून यंत्र रस्त्यावर आले, की हाच दिवा आधी विझविला पाहिजे. मागून येणाऱ्याला तो समोरून येणाऱ्या वाहनाचा वाटतो आणि त्याचे डोळेही दिपतात. रस्त्यावर यंत्राच्या पाठीला हवेत ते तांबडे दिवेच. आणि त्याचे चाक व भुसा फेकणारे नळकांडे जेथपर्यंत बाहेर आले असेल, तेथपर्यंतची रुंदी त्यांनी दाखविली पाहिजे. इंग्लंडसारख्या देशांत यासाठी दिव्यांची एक सुटी फळीच मिळते. अवजार कोणतेही असो, त्याच्या पाठीला ती फळी अडकवावी, तारेचे टोक ट्रॅक्टरच्या खाचेत बसवावे आणि शेतात पोहोचल्यावर काढून ठेवावी. अशी फळी तयार करणे गावच्या मिस्त्रीला मुळीच कठीण नाही. एक लाकडी फळी, दोन दिवे, दोन परावर्तक आणि चार हात तार, एवढ्यात ती होते.

एक गोष्ट मात्र कोणत्याही दिव्याने सुधारणारी नाही. वाटेत टायर फुटला किंवा आस मोडला, की ट्रॉली तेथेच रस्त्यावर उभी राहते. चाकामागे धोंडे लावतात, मागे झाडाची फांदी टाकतात. नियमाप्रमाणे तेथे चकाकता त्रिकोण ठेवावयाचा असतो. तो बहुधा ट्रॅक्टरच्या पेटीत सुरक्षित असतो! दुरुस्ती झाल्यावर ट्रॉली निघून जाते आणि धोंडे रस्त्यातच राहतात. त्या धोंड्यांना ना दिवा, ना परावर्तक. पुढे होळीपासून मढीच्या कानिफनाथांची यात्रा सुरू होते आणि रंगपंचमीच्या सुमारास या रस्त्यांवरून दुचाक्यांची आणि पायी भाविकांची रात्रंदिवस रीघ लागते, तेव्हा असे विसरलेले धोंडे कोणाच्या तरी वाटेत येतात. काही ट्रॅक्टरचालक मोठ्याने गाणी लावून रात्रीचा शीण घालवितात. त्यांचा ट्रॅक्टर कोसावरून ऐकू येतो. पण मागून कोणी कितीही भोंगा वाजविला, तरी तो त्यांना ऐकू येत नाही.

कारखान्याच्या तळावर गाड्या रिकाम्या होतात, तेव्हा रात्रीचे दोन वाजलेले असतात. बैल वाढे चघळीत उभे असतात. गाडीवान जू उचलण्याच्या आधी चाकांना वंगण घालतो आणि शिवळा तपासतो. त्याची दहा-अकरा वर्षांची मुलगी साटीतून खाली उतरते. पोत्याचे एक टोक पाण्यात भिजवून ती गाडीच्या मागील दोन्ही तांबड्या चकत्या पुसते, लोंबणारे एक वाढे उपटून बैलापुढे टाकते आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन निजते.

गाडी तळाबाहेर पडून हमरस्त्याला लागते. गाडीवानाचे डोळे मिटू लागलेले असतात. बऱ्याच अंतरावर मागे एक मालमोटार वळण घेऊन सरळ रस्त्यावर येते. तिच्या चालकाला पुढच्या काळोखात अचानक दोन तांबडे ठिपके दिसतात. त्याचा पाय आपोआप गतिरोधकाकडे जातो. तो उजवीकडे सरकतो आणि संथ गतीने गाडीला वळसा घालून पुढे निघून जातो. बैल एकवार कान टवकारतात. गाडीतील कोणीही जागे होत नाही.